वर उचललेला डावा हात

मधू, शनिवारी तुझी शोकसभा आहे आणि मंडळाच्या सेक्रेटरीबाईंनी मला पाच मिनिटं दिली आहेत. विषयसुद्धा दिलाय, 'डॉक्टरसाहेबांचं नाट्यप्रेम'. वर मला म्हणाल्या, "काका, प्लीज जरा लाइट ठेवा, लोक ऑलरेडी खूप अपसेट आहेत." मी हो म्हणून फोन ठेवला. ठेवल्या ठेवल्या वाटलं, हे तुला सांगावं आणि दोघांनी मिळून बाईंची यथेच्छ टिंगल करावी. बोट तुझ्या नावावर गेलंही होतं. असं रोज होतं. फोनमधलं तुझं नाव पुसायला सांगू नकोस, ते माझ्याच्यानं व्हायचं नाही.

पाच मिनिटांत मी काय बोलू? तू नागपूरचा, मी पुण्याचा, इथे अमेरिकेत शॉमबर्गमध्ये शेजारी झालो, तुझ्या तळघरात नाटकं बसवली, हे सगळ्यांना ठाऊक आहे. तुझ्या पदव्या आणि तुझ्या हॉस्पिटलांची नावं दुसरं कोणी तरी वाचून दाखवेलच. मला बोलायचंय ते एकाच हाताबद्दल, आणि ते त्या सभागृहात पिवळ्या दिव्यांखाली, बटाटेवड्याच्या वासात बोलता येण्यासारखं नाही. म्हणून तुलाच लिहितोय. तू उत्तर देणार नाहीस, पण निदान मधेच तोडणारही नाहीस, आणि हे आपल्या दोस्तीत पहिल्यांदाच होतंय.

त्या खोक्यापासून सुरू करतो. लायब्ररीच्या जुन्या पुस्तकांच्या विक्रीत तुला ते मिळालं होतं. त्यात पुस्तक एकही धड नव्हतं. कोणी तरी जुन्या पुस्तकांतली चित्रं कापून काढलेली, एकावर एक रचलेली. एकोणिसाव्या शतकातली एचिंग्ज, म्हणजे तांब्याच्या पत्र्यावरून छापलेली चित्रं, सगळी इंग्रजी नाटकांमधल्या प्रवेशांची. भूत पाहून दचकलेला राजपुत्र, पडद्याआड कान देऊन उभा असलेला म्हातारा, जेवणाच्या टेबलावरून उठून पळणारे पाहुणे. कापणाऱ्यानं खालच्या ओळी अशा छाटल्या होत्या की प्रवेश कुठल्या नाटकातला आणि कुठल्या क्षणाचा ते आपणच ओळखायचं. दुसरा कोणी असता तर त्यानं खोकं तिथेच ठेवलं असतं. तू ते पोटाशी धरून बर्फातून गाडीपर्यंत आलास, आणि माझ्याकडे मात्र किराण्याच्या जड पिशव्या दिल्यास.

जन्मभर तू माणसांना भूल देत आलास. टेबलावर झोपलेल्या माणसाच्या चेहऱ्याकडे तासन्‌तास बघण्याची तुला सवय, म्हणूनच बहुतेक ही न हलणारी माणसं तुला आवडली. भिंग घेऊन बसायचास. मला मात्र चित्रापेक्षा ते बनवायची रीत जवळची वाटली, कारण आमच्या कंपनीत सर्किट बोर्ड असेच बनायचे. तांब्याच्या पत्र्यावर मेणाचा थर द्यायचा, सुईनं खरवडून चित्र काढायचं आणि पत्रा ॲसिडमध्ये बुडवायचा. मेण जिथे निघालंय तेवढंच तांबं ॲसिड खातं. त्या चरांत शाई भरायची, दमट कागद वर ठेवून दाबायचं, की झालं. हे मी तुला समजावलं तेव्हा तू म्हणालास, "म्हणजे तू आयुष्यभर हेच करून राहिला, अन् एक राजा नाही काढला त्यातून?" पुण्याच्या माणसाला असं बोलून तू सुखानं झोपायचास.

मीही त्याचं उट्टं काढलं. चित्रांमधले बहुतेक राजे डावखुरे का, यावर तू एक लांबलचक सिद्धांत रचला होतास. राजाचा उजवा हात आशीर्वादासाठी मोकळा ठेवायचा असतो, म्हणून तलवार डाव्या हातात, असं काहीसं. मंडळाच्या कोजागिरीला आटीव दुधाचे पेले हातात घेऊन लोक तुझं व्याख्यान ऐकत होते. मी सगळ्यांसमोर सांगितलं, की पत्र्यावरचं चित्र कागदावर उलटं उमटतं, उजव्याचं डावं होतं, आणि कारागीर घाईत असला की सगळी दुनिया डावखुरी होते. तू आठवडाभर माझ्याशी बोलला नाहीस. मग एका सकाळी, दुकानं उघडायच्या आत, नेहमीसारखा मॉलमध्ये चालायला आलास आणि काहीच झालं नाही असं दाखवून दुकानांच्या बंद काचांकडे बघत माझ्या बाजूनं चालू लागलास.

त्या खोक्यातलं एक चित्र आपल्या दोघांच्या मानगुटीवर बसलं. म्हातारा राजा सिंहासनापासून दोन पावलं पुढे आलाय. त्याचा डावा हात खांद्याच्या उंचीला उचललेला, तळवा जमिनीकडे, बोटं किंचित वाकलेली. दाराशी त्याचा जुना इमानी सरदार उभा, मान खाली, अंगावर प्रवासाचा झगा. बस, एवढंच. राजाला खरं बोललेलं खपत नाही, आणि खरं बोलणाऱ्याला तो हाकलून देतो, ही गोष्ट तुलाही माहीत होती आणि मलाही. मी म्हणालो, हा हाकलण्याचा क्षण आहे. तुझं म्हणणं, हाकलून झालंय, आता राजाला पश्चात्ताप झालाय आणि तो त्याला परत बोलावतोय.

"नाटकात तसं कुठेय?" मी विचारलं.

"नाटकात नसंल," तू म्हणालास. "चित्र काढणाऱ्याला वाटलं असंल तसं. हात बघ ना बे. बोलावून राहिला तो त्याला."

चित्रातला हात वर जातोय की खाली येतोय, हे कुठल्याच भिंगातून दिसत नाही. माझा मुद्दा एवढाच होता, की जे दिसत नाही ते नाटकावरून ठरवावं. तुझा मुद्दा होता, की जे दिसत नाही ते माणसावरून ठरवावं. आपण दोघं यावर इतकं भांडलो, की अमेरिकेत आल्यावर दुसऱ्या कशावर भांडल्याचं मला आठवत नाही. इतकी वर्षं मला माझाच मुद्दा बरोबर वाटत होता. कालपर्यंत वाटत होता.

मग तू ते नाटक मराठीत उतरवलंस आणि मंडळात बसवलंस. तू राजा, मी सरदार. तुझी बसवण्याची पद्धत सगळ्या गावाला माहीत होती. संवाद नंतर, आधी चित्र. एकेक एचिंग मोठं करून तळघराच्या भिंतीला चिकटवायचास आणि आम्ही तस्संच उभं राहायचं, नाकाला खाज सुटली तरी हलायचं नाही. आयटीतली पोरं कंपनीतून थकून आलेली असायची. एकजण म्हणाला होता, "काका, यार, हे नाटक आहे की एक्स-रे?" तरी सगळे उभे राहायचे, कारण तुझ्या खोकल्याच्या एका आवाजाला सगळं तळघर घाबरायचं. आणि तालीम संपली की तुझ्या हातची खिचडी मिळायची, हेही खरं.

दाराच्या त्या प्रवेशात तू मला दाराशी वळायला लावायचास. राजा हात उचलतो, सरदार वळतो, पडदा. मी तालमीत वळलो. प्रयोगात नाही वळलो. मला त्या क्षणी पटलंच नाही, आणि मी सरळ बाहेर पडलो. शाळेच्या त्या भाड्याच्या हॉलमधले लोक खुर्च्यांतून पुढे झुकले. तू हात उचलून तसाच उभा राहिलास, पडदा ओढणाऱ्याला कळेना कधी ओढायचा ते. मग टाळ्या पडल्या, पुष्कळ पडल्या. मी विंगेतून तुझ्याकडे बघत होतो. तुझा हात टाळ्या संपेपर्यंत खाली आला नव्हता. तो प्रवेश सगळ्यात चांगला झाला असं लोक म्हणाले, आणि ते बरोबर होतं. फक्त मंडळातल्या देशमुखकाकूंनी तुला झापलं, "राजा झालात म्हणून काय डाव्या हातानं बोलावतात का कुणाला?" तू सगळा दोष माझ्या ॲसिडवर ढकललास.

ही सगळी जुनी हौस. पण या हिवाळ्यात तुझ्या डोक्यात पुन्हा ते आलं. मॉलमध्ये चालता चालता म्हणालास, पाडव्याला तेवढा एक प्रवेश करू, आता आपल्याला मेकअप लागणार नाही. मी हसलो. मग तू म्हणालास, पण या खेपेला वळायचं. मी म्हटलं, सरदार वळत नाही, मधू, तो जातो, म्हणून तर ती ट्रॅजेडी आहे. तू चालता चालता थांबलास. तुझा चेहरा लाल झाला होता. "म्हातारपणी तरी वळ की लेका," तू म्हणालास, आणि मी नकाराची मान हलवली तसा पुढे म्हणालास, "जा मग. नको येऊ तू." तू एकटाच गाडीकडे गेलास. मी मागून आलो नाही, कारण आपलं नेहमीचंच होतं. आठवडाभर अबोला आणि मग एक सकाळ, हाच आपला क्रम होता.

सकाळ आली ती तुझ्या लेकीच्या, अनुजाच्या फोननं. ती देशाच्या दुसऱ्या टोकाला, सनीव्हेलहून विमानतळावर निघाली होती. "काका, बाबांना स्ट्रोक झालाय. मी ऑन द वे आहे. तुम्ही जाल ना प्लीज?" मी स्लिपर घालूनच गाडीत बसलो होतो, हे हॉस्पिटलच्या पार्किंगमध्ये उतरल्यावर कळलं.

तुझी उजवी बाजू गेली होती. बोलणं गेलं होतं. त्यांनी तुला उशांना टेकवून बसवलं होतं आणि तुझी ती चष्म्यावाचूनची नजर दारावर होती. मी दारात आलो. तू मला ओळखलंस, याबद्दल मला शंका नाही. आणि मग तू तुझा डावा हात उचललास. खांद्याइतका. तळवा खाली, बोटं वाकलेली, आणि ती बोटं थोडीशी हलत होती.

मधू, ते चित्र होतं. मी तुला खोटं सांगत नाही, मला प्रथम चित्रच दिसलं, आणि मग मी दिसलो, दारातला, मान खाली घातलेला, अंगावर जाड कोट. तुझ्या ओठाचा एक कोपरा वेडावाकडा हलला. नर्स तुझ्याजवळच होती, भली मुलगी होती. तिनं तुझ्या हाताकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि हळू आवाजात म्हणाली, "आय थिंक ही वॉन्ट्स यू टु गो, सर. लेट हिम रेस्ट."

आणि मला ते पटलं. इतकी वर्षं मी हेच तर म्हणत आलो होतो. हा हात हाकलण्याचा आहे. शेवटचे शब्द तू मला 'जा' असेच बोलला होतास, मग हात दुसरं काय बोलणार? मला वाटलं, तू अजून रागावलेला आहेस, आणि तुझा राग वाढला तर तुझ्या डोक्यातली ती नस पुन्हा फुटेल. मी तुला नमस्कारासारखं काहीतरी केलं आणि निघालो. खाली लॉबीत बसलो. मनाशी ठरवलं, उद्या येईन, तोवर तू शांत झालेला असशील. नेहमीप्रमाणे पुन्हा बाजूनं चालू लागशील. अनुजा संध्याकाळी पोहोचली, तोवर तू बेशुद्ध होतास, आणि मग तू गेलास.

हे मी कोणालाही सांगितलेलं नाही. फ्युनरल होममध्ये तू इस्त्रीचा सूट घालून झोपला होतास, दोन्ही हात छातीवर नीट जुळवलेले, जसे तू कधी ठेवले नसतेस. लोक येत होते, पुष्पगुच्छ ठेवत होते, मला "काका, यू ओके?" विचारत होते. मी तुझ्या डाव्या हाताकडे बघत होतो. मला एकच प्रश्न तुला विचारायचा होता, आणि आपल्या दोघांत जो कोणी शहाणा होता, तो असा सूट घालून गप्प पडला होता. चिडून विचारावं असं वाटत होतं, सांग लेका, जा म्हणालास की ये म्हणालास?

तेव्हापासून मला दुसरं काही सुचत नाही. चहा उतू जातो. औषधाची गोळी घेतली की नाही आठवत नाही. अनुजा घर आवरायला थांबली आहे, तिनं मला ते खोकं आणून दिलं. "काका, यू टेक धिस. तिकडे कोणालाच कळणार नाही हे काय आहे ते." मी जेवणाच्या टेबलावर सगळी चित्रं पसरली आणि तुझंच भिंग घेऊन बसलो. जणू काही दीडशे वर्षांपूर्वीच्या त्या कारागिरानं माझ्यासाठी एखादी रेघ जास्त ओढून ठेवली असेल. मनगट बघितलं, बोटांचा बाक बघितला, राजाच्या डोळ्यांतल्या आडव्या-उभ्या रेघा बघितल्या. रेघांना काही सांगता येत नाही. ॲसिडनं जेवढं खाल्लं तेवढंच कागदावर आहे. मी टेबलावर डोकं ठेवून रडलो, मधू. शरमेची गोष्ट नाही, पण तू बघितलं असतंस तर मला जन्मभर चिडवलं असतंस, आणि तसं चिडवायला तू असायला हवा होतास.

काल अनुजा चाव्या द्यायला आली. चित्रं अजून टेबलावरच होती. तिनं ते चित्र उचललं, खिडकीच्या उजेडात धरलं आणि हसली.

"ओह माय गॉड, हे बाबा आहेत," ती म्हणाली.

मी विचारलं, म्हणजे काय.

"बाबा मला असंच बोलवायचे. स्कूलला पिक-अप करायला आले ना, की पार्किंग लॉटमधून असा हात करायचे, पाम डाउन. माझ्या फ्रेंड्स म्हणायच्या, व्हाय इज युअर डॅड टेलिंग यू टु गो अवे? आय हॅड टु एक्स्प्लेन एव्हरी टाइम, की नाही, आमच्याकडे असंच बोलावतात." तिनं चित्र परत ठेवलं. "मला खूप एम्बॅरसिंग वाटायचं. पण मी पळत जायचे."

मग ती रडायला लागली. मी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि तिला काहीच सांगितलं नाही. काय सांगणार होतो? तुझ्या बाबानं मला बोलावलं आणि मी निघून गेलो? ती आयुष्यभर हे बरोबर घेऊन फिरली असती. ते माझ्यापाशीच राहू दे.

अरे, मीही याच मातीतला ना रे? माझी आई मला अंगणातून असाच हात करून जेवायला हाक मारायची. मीही माझ्या पोरांना असंच बोलावलं. गोऱ्या माणसांनी हसू नये म्हणून मग कधी तरी तळवा वर करायला शिकलो आणि विसरून गेलो. ज्या साहेबानं ते चित्र काढलं, त्याच्या मुलखात तो हात 'जा'च म्हणत असेल, माझा मुद्दा तिथे अजूनही खरा असेल. पण तू नागपूरचा. तुझ्या डोळ्याला तो हात पहिल्यापासून 'ये' म्हणताना दिसला. तू नाटकाबद्दल बोलतच नव्हतास, आपल्या घरच्या हाताबद्दल बोलत होतास. आणि देशमुखकाकूंनीसुद्धा तेच म्हटलं होतं, 'डाव्या हातानं बोलावतात का'. सगळ्या हॉलला कळलं होतं की राजा बोलावतोय. सरदाराला तेवढं कळलं नव्हतं.

तू वाद जिंकलास. घे. खूष झालास? मला कोणी विचारलं तर मी आता म्हणेन, राजा परत बोलावतोय, चित्रात स्पष्ट दिसतंय. पण हे तुला कसं कळवू? तू उशांना टेकून डोळे दाराकडे लावून बसलास, असेल नसेल ते बळ एका हातात आणलंस, आणि दारातला माणूस नमस्कार करून निघून गेला. तुझा हात किती वेळ वर होता, मधू? तो कोणी खाली ठेवला? मला हे विचारायची हिंमत होत नाही, आणि विचारल्याशिवाय झोपही लागत नाही. तुझ्यावर उपकार केल्यासारखा मी लॉबीत बसून होतो. एका जिन्याचं अंतर होतं.

लोक म्हणतात, काळ औषध आहे. तू डॉक्टर होतास, तू सांग, हे औषध माझ्या वयाच्या माणसाला पुरेल तरी का? मला तर आता काळही नको आहे, मला ती एक सकाळ परत हवी आहे. बंद दुकानांच्या काचा, तुझे बूट करकरतायत, तू माझ्याकडे न बघता बाजूनं चालायला लागलायस. बोलू नकोस हवं तर. आठवडाभर नको बोलूस.

तुझ्यामुळे मला इथे घर मिळालं, हे मी तुला कधी म्हटलं नाही. या सपाट, थंड मुलखात ज्याच्याशी भांडून हसता येईल असा एक माणूस होता, म्हणून मी इथे म्हातारा होऊ शकलो. हे आता म्हणतोय, तेही कागदावर.

शनिवारचं ठरवलंय. सेक्रेटरीबाईंना फोन करून सांगितलं, की मी बोलणार नाही, आपण तो एक प्रवेश करू. त्या गडबडल्या. "पण काका, राजाचं काम कोण करणार?" मी म्हटलं, राजा असेल. स्टेजवर तुझा फोटो असेल, हार घातलेला, आणि त्याच्यापुढे मी ते एचिंग ठेवणार आहे. मी हॉलच्या मागच्या दाराशी उभा राहीन, पाठ करून, अंगावर तोच कोट. संवाद एकही नाही, तुला आवडायचं तसं, आधी चित्र.

मग मी वळणार आहे. सगळ्या लोकांमधून चालत तुझ्यापर्यंत येणार आहे. गुडघे दुखतात, वेळ लागेल, तेवढा धीर धर.

पण तोवर हात खाली घेऊ नकोस, मधू. मी येतोय.